पडवळाचा दगड

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं असेल, तर पडवळाला दगड बांधला. दिवस कलला होता, चैत्र सरत आला होता. परसातल्या मांडवाखाली बायको वेल हातात तोलून उभी होती आणि मी खाली उकिडवा बसून सुतळीला गाठ मारत होतो. ह्यात सांगण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. तर ऐका. आमच्या घरातल्या बाईसारखी हट्टी, तोंडाळ आणि एका वेलीपायी चालत्याबोलत्या नवऱ्याला विसरणारी बाई पुऱ्या मुळशी खोऱ्यात झाली नाही, हे मी कुठल्याही देवळाच्या पायरीवर उभा राहून सांगायला तयार आहे. आणि तसल्या बाईनं त्या दिवशी तो दगड मला बांधू दिला.

दगड कशाला, ते सांगतो. पडवळ बोटभर झालं की वळायला लागतं, वेटोळं करून बसतं. म्हणून त्याच्या टोकाला बारीकसा दगड बांधायचा. त्या ओझ्यानं ते सरळ खाली उतरतं आणि दोन-दोन हात लांब होतं. दगड हलका पडला तर पडवळ त्याला जुमानत नाही, जड झाला तर देठातनं तुटून खाली येतं. शिवाय पडवळ वाढेल तसा दगड बदलावा लागतो. हिचे दगड मुळशी धरणाच्या तळातले असायचे. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की तळ उघडा पडतो. तिथून कमरेत बारीक असलेले, सुतळी घसरणार नाही असे दगड ही निवडून आणायची आणि परसाच्या गडग्यावर, म्हणजे बुटक्या दगडी कुंपणावर, लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत मांडायची. सुपारीएवढा पहिला, लिंबाएवढा मधला, आंब्याच्या कोयीएवढा शेवटचा. त्यातला एखादा मी नुसता उचलून बघितला, तरी चुलीपाशी बसल्या जागेवर हिला कळायचं.

"ठेवा तो. तुमचा हात जड हाय."

"दगड जड का हात जड?"

"दोन्ही. अन् डोकंबी."

माझ्याशी ती बोलायची नाही असं नाही. बोलायची. 'भाकर टोपल्यात हाय', 'धोतर फाटलंय', 'सरका जरा', असं बोलायची. पण परसात पाय टाकला की तिचा गळाच बदलायचा. "तान लागली व्हय गं माज्या बाईला? ऊन लागलं माज्या राजाला?" हा राजा म्हणजे मी असेन म्हणून एकदा मी खरोखर ओसरीवरून उठून गेलो, तर राजा म्हणजे दोडका निघाला. पहाटे दव असताना उठून पानापानाला चुलीतली राख लावायची, पोराला पावडर लावावी तशी. विहिरीचं गोडं पाणी पडवळाला, भांड्यांचं पाणी मिरचीला आणि माझ्या आंघोळीचं पाणी अळवाला. मी चार तांबे जास्त ओतून घेतले तर तिला आनंद व्हायचा, पण साबण लावला की बोंब. शेवटी मी बिनसाबणाचाच राहिलो. अळूची पानं मात्र हत्तीच्या कानासारखी झाली.

दोघी लेकी लग्न होऊन लांब गेल्या होत्या, घरात आम्ही दोघंच. मला वाटलं होतं आता जरा ही माझ्याकडे लक्ष देईल. तिनं मांडव वाढवला.

बरं, मदत करावी म्हटलं तर माझं एक काम ती राहू द्यायची नाही. मी आळं केलं की मोडून पुन्हा करायची. मी कारवीची काठी मांडवाला बांधली की माझी पाठ वळायच्या आत ती सोडून पुन्हा बांधायची. मी गाठीला दोन वेढे घालतो, ती एकच घालायची. म्हणायची, "वेलीला बांधायचंय, म्हशीला न्हाई." पुऱ्या परसात माझ्या हातची दोन वेढ्यांची गाठ औषधाला शिल्लक नव्हती. मी एकदा चिडून म्हणालो, "अगं, एवढं घर बांधलं मी, ते तर पडलं न्हाई?"

"ते तुमी बांधलं न्हाई. भिताडं गवंड्यानं घातली. तुमी पान खात हुबं ऱ्हायला व्हता."

आता ह्या वयात लाजायचं काय. मला एकच वाटायचं. ही पडवळाकडे बघते तसं तिनं एकदा माझ्याकडे बघावं. मान जराशी तिरकी करून, ओठातल्या ओठात हसून, 'बरं चाललंय की तुजं' म्हटल्यासारखं. जास्त नाही मागत. एकदा.

कोवळ्या फळाकडे बोट दाखवलं की ते कुजतं, असं आमच्याकडे मानतात. दाखवायचंच झालं तर बोट वाकडं करून दाखवायचं. हिचा ह्यावर इतका विश्वास, की परसात पाहुणा आला की ही आधी त्याच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघायची. एका उन्हाळ्यात एक पडवळ असं काही देखणं उतरलं की आळीतल्या बायका ते बघायला यायच्या. ही तव्यावर भाकरी टाकून तिकडे पळायची आणि त्या पडवळापाशी उभी राहायची. मी करपलेली भाकरी खायचो. एक दिवस तशी भाकरी खाता खाता माझं डोकं फिरलं. उठलो, मांडवाखाली गेलो, आजूबाजूला कोणी नाही असं बघितलं, बोट चांगलं ताठ केलं आणि त्या पडवळावर रोखलं. नुसतं रोखलं नाही, हलवलंसुद्धा. मागं वळतो तर शेणाची पाटी घेऊन ही उभी.

"खाली घ्या ते बोट."

एवढंच म्हणाली. ते पडवळ पुढे खरंच पिवळं पडून गळलं.

"माशी लागली असंल," मी म्हणालो.

"व्हय. धोतर नेसल्याली माशी."

मग बरेच दिवस मला पिठलं मिळालं. मांडव भाजीनं वाकलेला, शेजारीपाजारी वाटे जातायत, आणि माझ्या ताटात दोन्ही वेळ पिठलं. मला त्याचा पस्तावा तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. ते पडवळ फार चढलं होतं.

अशात आमच्याकडे सायकल आली. तिकडे पानशेत धरण फुटलं त्याच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. आमच्या धरणावरच्या बंगल्यात एक साहेब राहायचे, त्यांच्या बाईसाहेबांना ही भाजी नेऊन द्यायची. साहेबांची बदली झाली तेव्हा बाईसाहेब जाताना आपली सायकल हिला देऊन गेल्या. बायकांची सायकल. मधे दांडी नाही, मागच्या चाकाला पदर अडकू नये म्हणून जाळी, पुढे वेताची टोपली. मला वाटलं आता ही त्या सायकलीचाच मांडव करणार. चार दिवस एक कारल्याची वेल तिच्यावर चढलीही होती. मग म्हणाली, "गाळ आणाया बरी पडंल." हा गाळही त्याच धरणाच्या तळातला, काळा आणि लोण्यासारखा मऊ. वेलींना त्याच्यासारखं खत नाही.

चालवणार कोण? पुरुष म्हणून आधी मी बसलो. तळ सपाट, पडलं तरी लागत नाही आणि सकाळच्या वेळी बघायला बगळ्याशिवाय कोणी नाही. पण माझं धोतर साखळीत गेलं. धोतर साखळीत, मी गाळात, आणि ही हसून हसून खाली बसली. मग उठली, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचला आणि चढली. मी मागून कॅरियर धरून पळतोय.

"सोडू नका हां. आवं, सोडू नका!"

पन्नाशीचा माणूस पळून पळून किती पळणार? दम लागला, हात सुटला. तिला ते कळलंच नाही. ती आपली बोलत बोलत पुढे. कारल्याला कीड पडली, थोरल्या लेकीकडे सांडगे धाडायचेत, सगळं मला सांगत पार पाण्याच्या कडेपर्यंत गेली. तिथं पाय टेकून मागं बघते तर मी लांब, एवढासा. तिथून ओरडली, "आवं, मग मी कुणासंगं बोलत व्हती?" मला आधी हसू आलं. चार हात अंतर एकटी गेली असती तर ठीक, पण ही माझ्याशिवाय थेट पाण्यापर्यंत गेली. त्या दिवसापासून मी सायकलीवरसुद्धा जळायला लागलो.

तिथून पुढे कायमचं असंच. ती पुढे, मी मागे. दोन्ही पाय एका बाजूला सोडून, बायका बसतात तसा. तिनं कॅरियरवर गोधडीचा तुकडा चौघडी करून बांधला होता. म्हणाली, पोतं घासतंय. गाळाच्या पोत्याला गोधडी कशाला लागते, हे विचारायचं मला सुचलं नाही. चढ आला की मी जरा इकडे-तिकडे व्हायचो, मग बोलणी खायची.

"हलू नका. पोतं बरं तुमच्यापरीस. गप तरी बसतंय."

गावाच्या अलीकडे रस्त्याला एक जांभळीचं झाड होतं. तिथं आलो की आम्ही उतरायचो. ती हँडल माझ्या हातात द्यायची, टोपली आपल्या डोक्यावर घ्यायची आणि माझ्या मागून चालायची. म्हणजे गावात शिरताना सायकल माझी आणि बाई माझ्या मागे. मी पाय जरा ओढत चालायचो, लांबून पायडल मारत आल्यासारखा. वेशीतल्या पहिल्याच घरात एक म्हातारी आत्या राहायची, सगळ्या गावाची आत्या. ती दारात बसून वाल सोलता सोलता म्हणायची, "दमलास जणू रं?"

"दमलो की आत्या. चढ हाय."

"आन् मग घाम तिच्या कपाळाला कसा?"

मागून पदरात हसल्याचा आवाज यायचा.

तरी सांगतो, त्या उन्हाळ्यातल्या सकाळींसारखं सुख मी भोगलं नाही. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झालेले, पेरणीला अवकाश, करवंदं अजून हिरवी. आम्ही उजाडता निघायचो. पाणी हटलं की धरणात गेलेल्या जुन्या गावांची जोती उघडी पडतात. त्यातलं एक जोतं हिच्या माहेरचं. ती परकरी पोर असताना ते घर पाण्यात गेलं. त्या जोत्यावर बसून आम्ही भाकरी आणि कैरीचा ठेचा खायचो. मला तो तळ का आवडायचा, तर तिथं काही उगवत नव्हतं. वेल नाही, मांडव नाही, राजा नाही. तेवढा तास ती माझ्याशी बोलायची. चांगलं बोलायची, हसून. मग हात झटकून उठायची आणि जोत्याच्या मागं जाऊन दगड वेचायला लागायची. "हितं माज्या आईचा मांडव व्हता," म्हणायची. तिथं मात्र मी कुणावर जळलो नाही.

माले गावात एक सायकलवाला होता, त्याच्यावर मी भरपूर जळलो. मिशी राखलेला, केसाला तेल चोपडलेला. पंक्चर काढायला गेलो की मला म्हणायचा, "बसा बाबा तितं," आणि हिला म्हणायचा, "मावशी, तुमच्यावानी हँडल धरनारा गडी आपल्या भागात न्हाई." वर चहा. हिनंही त्याच्याकडून तेलाची बुधली आणली आणि दर बाजारच्या दिवशी साखळीला तेल द्यायला लागली. मी एकदा धोतर वर करून म्हटलं, माझा गुडघापण वाजतोय. म्हणाली, "वाजू द्या. घंटी न्हाई सायकलीला."

अशी कितीतरी वर्षं गेली. सायकलीचा रंग उडाला, आमचाही उडाला. चढ आला की आता ती उतरून ढकलायची, मीही उतरायचो. पण जांभळीपाशी हँडल माझ्या हातात द्यायचं तिनं चुकवलं नाही.

तर ती संध्याकाळ. तिचा डावा हात खांद्यापासून दुखत होता. मी म्हणालो, तेल लाव. म्हणाली, साखळीला संपलं. मांडवाखाली एक पडवळ वळायला लागलं होतं, त्याचा दगड बदलायचा होता. तिनं वेल एका हातानं धरली, दुसरा हात वर जाईना. मग म्हणाली, "तुमीच बांधा आज."

मी गडग्यावरचा लिंबाएवढा उचलला आणि तिच्याकडे बघितलं. तिनं 'ठेवा तो' म्हटलं नाही, वेल जराशी खाली केली. सुतळी बांधली, सवयीनं दोन वेढे घातले. जीव मुठीत होता, आता तुटतंय का मग तुटतंय. नाही तुटलं. ती बघत उभी होती. पडवळाकडे बघतेय म्हणून मी मान वर केली नाही. मला वाटलं, आता हे सोडून पुन्हा बांधणार. तेव्हा नाही बांधलं. जेवणं झाल्यावर कंदील घेऊन ती भांडी विसळायला परसात गेली, तेव्हा तर नक्की सोडणार म्हणून मी तिकडे पाठ करून पान लावत बसलो. आत आली, म्हणाली, "लवकर निजा. उद्या गाळाला जायाचं." सकाळी उठवायला गेलो तर उठली नाही.

तो दिवस लोकांचा गेला. ज्यांच्या ज्यांच्या घरी भाजीचा वाटा जायचा, ती सगळी माणसं आली. प्रत्येकाला ती काहीतरी बोललेली, काहीतरी दिलेली. मला न सांगितलेल्या गोष्टी लोक मलाच सांगत होते. मालेचा सायकलवाला आला. मिशी पिकलेली, दारातच मोठ्यानं रडायला लागला. मला राग आला. माझ्या आधी हा कसा रडतो? त्याला गप करता करता माझं रडायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात गेलो. घरात पाहुणे झोपलेले. पडवळ सरळ खाली उतरलं होतं. मी वाकून गाठ बघितली. दोन वेढे. माझीच गाठ. कंदील हातात असताना, ह्याच मांडवाखालून जाता-येता, तिनं ती राहू दिली होती. त्या संध्याकाळी मी मान वर केली असती तर बरं झालं असतं. ती पडवळाकडे बघत नव्हती.

मागून माझा धाकटा भाऊ आला. "दादा, आत चल. लोकं उठतील आता." आणि मग त्याची नजर गेली. "आयला, केवढं वाढलंय रं हे!" म्हणून त्यानं हात वर केला.

"बोट वाकडं कर," मी ओरडलो.

तो दचकला. बोट वाकडं केलं.

शेजारचं एक पडवळ नुकतं बोटभर झालं होतं, त्याला सुपारीएवढा दगड पाहिजे होता. गडग्यावर तेवढा उरला नव्हता. मी सायकल काढली. भाऊ म्हणाला, सुतकात कुटं निघाला? मी म्हणालो, दगड आणाया. मला चालवता येत नाही, म्हणून ढकलत नेली. जोत्याच्या मागं, तिच्या आईच्या मांडवाच्या जागी, बराच वेळ हुडकला. कमरेत बारीक असा एक मिळाला. तो गोधडीच्या घडीत खोचला आणि परत निघालो. जांभळीपाशी सवयीनं थांबलो. हितं हँडल माझ्या हातात यायचं. ते माझ्या हातातच होतं. तसाच ढकलत गावात शिरलो. आत्या दारात बसली होती. आज घाम माझ्या कपाळाला होता.

घरी येऊन दगड बांधला. आधी दोन वेढे घातले. मग ते सोडले आणि एकच घातला.